माझं नाय, एकीचं

२३ सप्टेंबर. दसऱ्याची धुणी.

आज नळाला पाणी आलं म्हणून सकाळीच गोधड्या काढल्या. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन झालं पाहिजे, आणि या शहरात पाणी कधी येईल हे देवीलाही ठाऊक नसतं. तेव्हा आलेलं पाणी सोडायचं नाही. टपात सगळ्यांत आधी निळ्या काठाची गोधडी बुडवली. ती अक्कांनी शिवलेली, माझ्याच जुन्या साड्यांची. भिजली की इतकी जड होते की एकटीला पिळता येत नाही, दुसऱ्या टोकाला माणूस लागतं. ते दुसरं टोक दरवर्षी अक्का धरायच्या.

पिळून झालं की ओले हात पोटाशी पुसायच्या, पदराचं टोक पुढं घ्यायच्या, त्याला मारलेली गाठ नखानं सोडायला लागायच्या आणि म्हणायच्या, "शिष्टर, एक विचारायचं व्हतं. माझं नाय, एकीचं."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत ती अक्का होत्या. त्यांचं दार माझ्या दारासमोर, मधे रिक्षा जेमतेम जाईल एवढी वाट. पुढच्या खोलीत पायाचं मशीन आणि बाहेर पाटी, 'पिको-फॉल करून मिळेल'. माहेर दौलताबादकडचं, शेतकऱ्याचं घर. शहरात आयुष्य गेलं तरी बोलणं तिकडचंच राहिलं. नवरा एसटीतून निवृत्त झालेला, दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचणारा. अक्का त्यांना 'मालक' म्हणत. मालकी फक्त पेपरची होती.

पिकोचं काम असं, की साडी टाकून बाई लगेच निघत नाही. फॉलचा रंग जुळतो का बघते, नाही जुळला तर अक्का औरंगपुऱ्यातून दुसरा कधी आणतील ते विचारते, जरा टेकते. मशीन चालू असतं. अक्कांचे डोळे सुईखाली. न बघता ऐकणाऱ्या माणसाला बायका सगळं सांगतात. मी सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या बायकांच्या वॉर्डात सिस्टर, समोरच राहते, पण माझ्याकडं कुणी यायचं नाही. मी 'दाखव बघू' म्हणते ना. म्हणून दुखणी अक्कांकडं जमा व्हायची आणि तिथून गल्ली ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात यायची.

विसरू नये म्हणून त्या दर दुखण्याला पदराला एक गाठ मारत. मोठं दुखणं, मोठी गाठ. मी उत्तर दिलं की गाठ सुटायची. नाव कधीच नाही.

"एकीला अंगावरून लई पांढरं जातं."

"वय काय तिचं?"

"असंल तुमच्या-माझ्याएवढं."

"नाव सांगा, मी जाऊन बघते."

"नाव कशाला? नावाला व्हतंय का दुखणं?"

एकदा मी म्हटलं, "अक्का, तुम्ही माझी ओपीडी चालवता. अर्धा पगार घ्या."

"पगार ऱ्हाऊ द्या. ती जांभळी साडी विटली की मला द्या, गोधडीला."

एका दुपारी मोठी गाठ घेऊन आल्या. "एका म्हातारीला शिंक आली की लुगडं भिजतंय. लई लाजती बिचारी." मी व्यायाम सांगितला. लघवी धरून ठेवताना जे आवळतो ते आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. बसल्या जागी होतो, कुणाला कळत नाही. पुढं एक दिवस माझ्या सासूबाई मेथी निवडता निवडता पुटपुटत होत्या, "सात, आठ, नऊ..." मला वाटलं, काड्या मोजतात की काय. मी बघितलं तर त्यांनी तोंड फिरवलं.  माझी सासू माझ्याच छपराखालचं दुखणं गल्लीपलीकडं देऊन आली होती आणि ते माझ्याकडंच परत आलं होतं. अक्कांना छेडलं, तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत? गाठ सोडली की मी इसरते."

स्वतःचं मात्र त्या काही विचारत नसत. साखर त्यांना होती, चांगली जुनी. गोळ्या मीच आणून द्यायचे. खायच्या, पण उपासाला नाही, आणि उपास भरपूर.

"उपासाला गोळी चालत नाय."

"चालते."

"तुमच्या देवाला चालत असंल."

रक्त तपासायला चला म्हटलं की हसायच्या. "माझी साखर मला काय म्हनत नाय, मी तिला काय म्हनत नाय." वर मालकांच्या वाटणीचा पेढा मोडून अर्धा तोंडात टाकायच्या. अर्धाच, म्हणजे पथ्य झालं.

तीन वर्षांपूर्वीचा पितृपंधरवडा. नवरात्राच्या साड्यांची घाई होती, अक्का मशीनवरून उठत नव्हत्या. संध्याकाळी मी ड्युटीवरून येऊन चहा टाकला, तेवढ्यात आल्या.

"शिष्टर, एकीला जांघेत गळू झालंय. बसून बसून घासलं असंल. काय लावावं?"

"साखर आहे का तिला?"

"नसंल. असली तर थोडी."

"थोडी साखर असं काही नसतं. ताप?"

"कणकण हाय."

"गळू केवढं?"

"सुपारीएवढं."

"आणि दुखतं किती?"

अक्कांनी पदराचं टोक मुठीत घेतलं. "सुपारीएवढं दिसतं, पर मांडीभर दुखतं म्हनती."

"मग लावायचं काहीच नाही," मी म्हटलं. "तिला म्हणावं, सुईनं टोचू नको. पोटीस बांधू नको. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खाऊ नको, त्यानं ताप दबतो आणि कळत काही नाही. दिसतं थोडं आणि दुखतं फार, ते गळू साधं नसतं. साखर असेल तर नाहीच नाही. उद्या सकाळी दवाखान्यात ये म्हणावं. मी आहे."

"सांगते," म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं, पण त्याला गाठ नव्हती. हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावला नाही, कारण चहा उतू चालला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुणी आलं नाही. गल्लीतून हाक मारून विचारलं तर मशीनवरूनच म्हणाल्या, "बरं हाय तिला."

मग माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिचं दुखायचं थांबलं, शिष्टर. बरं झालं म्हनायचं ना?"

"रंग कसा आहे?"

"वांग्यावानी."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. जिवाच्या आकांतानं दुखणारी जागा एकाएकी दुखायची थांबली, तर आनंद मानायचा नसतो. तिथल्या नसा मेलेल्या असतात. कडब्याच्या गंजीला आतून आग लागते तसा हा आजार. वरून नुसता डाग दिसतो आणि कातडीखाली सगळं सडत पुढं सरकत असतं.

"कुठं राहते ती?"

"लांब हाय. दौलताबादला."

"रिक्षात घालून आणा. आत्ता. नाहीतर पत्ता द्या, मी जाते."

मग मी अक्कांकडं नीट बघितलं. दोन्ही हात चौकटीला धरलेले. आमच्या दाराला उंच उंबरा आहे. इतकी वर्षं तो ओलांडून त्या सरळ स्वयंपाकघरात यायच्या. आज उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. उजवा पाय बाजूला टेकवून ठेवला होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. कपाळाला घाम, ओठ कोरडे. पदर खांद्यावरून लोंबत होता आणि त्याला आजही गाठ नव्हती. आपलं स्वतःचं दुखणं लक्षात ठेवायला गाठ लागत नाही.

"अक्का, आत या."

"मालक ओट्यावर हायेत. बघतील."

"दार लावते."

धरून आत घेतलं आणि माझ्या कॉटवर निजवलं. जांघेवर हळद आणि जवसाचं पोटीस वाळून घट्ट बसलं होतं. कोमट पाण्यानं ते काढायला लागले तशी पिवळ्याखालून जांभळी कातडी दिसायला लागली, वर ओटीपोटाकडं आणि खाली मांडीवर गेलेली. मधे काळसर पाण्याचे फोड. कडेनं दाबलं तर बोटाखाली नव्या मांजरपाटाच्या कापडासारखी कुरकुर लागली. जांभळ्या भागाला चिमटा घेतला.

"कळतं का?"

"नाय."

वास तर होताच. याला कुठला रिपोर्ट लागत नाही. एकदा हे पाहिलं की माणूस पुन्हा चुकत नाही.

गळवाच्या मधोमध सुईचं बारीक भोक होतं.

"सुई चांगली लाल करून घेतली व्हती," अक्का म्हणाल्या.

"टोचू नका म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"तुमी तिला सांगितलं व्हतं," अक्का म्हणाल्या.

रिक्षा बोलावली. मालक खुर्चीतून उठून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "गळू." ते म्हणाले, "गळवाला एवढी धावपळ?" पण पेपर तिथंच टाकून रिक्षात बसले. रस्ताभर अक्का माझा हात धरून होत्या आणि मालकांकडं बघत नव्हत्या. त्यांना मरणाची भीती होती असं मला वाटलं नाही. आता काय झालंय आणि कुठं झालंय हे नवऱ्याला, मुलाला, गल्लीला कळणार, याची होती.

आमची सर्जन म्हणजे एक तरुण मुलगी, नुकतीच शिकून आलेली, केसांचा घट्ट बुचडा बांधणारी. तिनं मी दाबलं तिथंच दाबलं आणि माझ्याकडं बघितलं. रक्त तपासायला पाठवलं, पण उत्तराची वाट पाहायला ती थांबली नाही. सलाईन, इन्सुलिन, अँटिबायोटिकं, सगळं एकदम चालू झालं. मालकांना तिनं समजावलं, "काका, औषध रक्तातून जातं. त्या मांसात रक्तच जात नाहीये, मग औषध कसं पोचणार? मेलेलं सगळं काढायचं, रक्त येईल तिथपर्यंत. ते आजच. उद्या परत उघडून बघायचं, राहिलं असेल तर परत काढायचं."

"पाय राहील का?" मालकांनी विचारलं.

"आधी काकू राहू देत."

ऑपरेशनला न्यायच्या आधी ती मुलगी अक्कांजवळ आली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून गेली. अक्का तिच्या पाठीकडं बघत राहिल्या.

"ह्याच कापनार का?"

"हो."

"बाप्या न्हवं, ही तर पोरगीच हाय की," अक्का म्हणाल्या. "आधी सांगायचं ना, शिष्टर."

वॉर्डात मी बरंच ऐकलं आहे. शिव्या ऐकल्या, नवस ऐकले. बहुतेक विसरले. हे वाक्य विसरले नाही. तेव्हा मी नुसतं स्ट्रेचर ढकललं.

जांघेपासून मांडीपर्यंत जखम उघडी ठेवलेली होती. ड्रेसिंग मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. अक्का छताकडं बघत पडून राहायच्या आणि दात आवळून बोलायच्या.

"आता काय म्हनती माझी साखर?"

"बोलायला लागली आहे."

"इतकी वर्सं गप व्हती, बया."

दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं. त्यानंतर थोडं बरं वाटलं, ताप उतरला, त्यांनी वाटीभर वरणाचं पाणी घेतलं. मालक स्टुलावर बसून होते. मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "मी रोज समोर बसलेला. तिनं एका शब्दानं सांगितलं नाही हो." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं असतं तरी सांगितलं नसतं." ते खरंच होतं, पण त्यानं त्यांना बरं वाटलं की वाईट, मला सांगता येणार नाही.

त्याच दिवशी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन गेले तर अक्का चादरीचं टोक चाचपत होत्या. दवाखान्याच्या गाऊनला पदर कुठला? चादरीला गाठ मारलेली होती.

"शिष्टर, विचारायचं व्हतं. माझं नाय. पल्याडच्या खाटेवरचीचं. ऑपरेशन झाल्यापास्नं संडास व्हईना तिला, लाजती सांगायला."

मी हसले. वॉर्डातल्या बायकाही हसल्या, पल्याडची तर तोंडावर पांघरूण घेऊन. मी तिला औषध दिलं, अक्कांनी गाठ सोडली. पुढं रोज एखादी गाठ असायची. पडल्या पडल्या त्यांनी वॉर्डात दुकान लावलं होतं.

ते टिकलं नाही. लघवी कमी होत गेली, चेहरा सुजला, धाप लागायला लागली. विष रक्तात गेलं होतं आणि मूत्रपिंडं थकली होती. सर्जन मुलगी दिवसातून कितीदा तरी येऊन बघून जायची आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहायची.

एका दुपारी भेटायला आलेली माणसं निघून गेल्यावर अक्कांनी मला खुणेनं बोलावलं.

"शिष्टर, आज एकीचं नाय. माझंच विचारते."

"विचारा."

हात सवयीनं खांद्याकडं गेला, पदर सापडला नाही, तो परत खाली आला.

"दसऱ्याला घरी असंन का मी?"

मी त्यांच्याशेजारी बसले. ड्युटीवर मी कधी बसत नाही.

"नाही वाटत, अक्का."

"व्हय," म्हणाल्या. चादरीचं टोक सारखं करत म्हणाल्या, "तुमी खरं सांगता. म्हनून तर माझं कधी विचारलं नाय."

मग साड्यांचं सांगितलं. कुणाकुणाच्या फॉल लावायच्या राहिल्यात, मोरपंखी कुणाची, आमसुली कुणाची. "सुनेला पिको येतो. फॉलचा टाका लांब पडतो तिचा. ज्याच्या साड्या त्याला परत करा, खराब करून देऊ नका म्हनावं."

दसऱ्याआधी त्या गेल्या. सकाळी, माझ्याच ड्युटीत.

खाट रिकामी झाली की चादर धुवायला टाकायची असते. ती उचलली तर कोपऱ्याला दोन गाठी होत्या. मी त्या सोडल्या. गाठ तशीच ठेवली तर आतलं धुतलं जात नाही. मग दोन्ही बाजूंच्या खाटांवर विचारत फिरले, अक्कांना कुणी काय विचारायला सांगितलं होतं म्हणून. आधी कुणी कबूल होईना. शेवटी दोघी निघाल्या. त्यांना उत्तरं दिली.

या आजारातून वाचलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मांडीवरची कातडी लावून, लंगडत का होईना, घरी गेलेल्या. त्या सगळ्या लवकर आलेल्या होत्या. त्यांतल्या काही कुठल्या कुठल्या तालुक्यांतून एसटी बदलत आलेल्या. अक्कांना नुसती गल्ली ओलांडायची होती, आणि ती त्यांनी ओलांडलीही होती. माझं उत्तर चुकीचं नव्हतं. ते ज्या बाईला सांगायचं होतं ती बाईच नव्हती, एवढंच.

आज गोधडीचं दुसरं टोक त्यांच्या सुनेनं धरलं. आता मशीनवर तीच बसते. आधी दोघी एकाच बाजूला पिळत होतो, पाणी काही निघेना. "काकू, तुम्ही तिकडं फिरवा," म्हणाली. फिरवलं. निळ्या काठाचं पाणी अजून थोडं निळं येतं. दोरीवर गोधडी मीच टाकली, तिनं खालून आधार दिला. मग ओले हात ओढणीला पुसत ती म्हणाली,

"काकू, एक विचारायचं होतं. माझं नाही, एकीचं. काखेत बारकासा फोड आलाय तिच्या, कालपासून. काय लावावं?"

"लावायचं काही नाही," मी म्हटलं. "तिला म्हणावं..."

आणि थांबले.

तिला गाठ मारायची सवय नाही, त्यामुळे ओढणीवरून काही कळायला मार्ग नव्हता. "कोण ती?" मी विचारलं. "आहे एक," म्हणाली. तेवढ्यात तिच्या घरात नळाखालची बादली भरून वाहायला लागली आणि ती पळाली. मला दुपारची ड्युटी होती. परत आले तेव्हा त्यांच्याकडं दिवे मालवून सगळे झोपलेले.

२४ सप्टेंबर. आज सकाळी चहाच्या आधी मी गल्ली ओलांडली. मालक ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांना म्हटलं, "जरा आत काम आहे, कुणाला येऊ देऊ नका." त्यांनी खुर्ची सरकवून दारासमोर घेतली. सून मशीनवर होती. मी दार लावून कडी घातली आणि खिडकीचा पडदा ओढला.

"काय झालं, काकू?"

"फोड बघायचाय."

"माझा नाही हो, एकीचा..."

"असू दे. आधी तुझे दोन्ही हात वर कर. मग त्या एकीकडं जाऊ, दोघी मिळून."

तिनं पायडलवरचा पाय काढला.